अकरा कॅमेरे, दोन रोल

पत्र थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक वाचक लिहितात. वय ३४, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर. वडिलांचा गावात फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यावर तो बंद पडला आणि चार वर्षांपूर्वी वडीलही गेले. मागे राहिला त्यांचा डबल लेन्सचा यशिका-मॅट १२४ जी. त्याचा क्रँक (रोल पुढे सरकवायचा दांडा) थोडा फिरून अडकतो, फ्रेम मोजणारा आकडा ७ वर थांबलाय. तो अजून उघडलेला नाही. पण गेल्या सव्वा वर्षात जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून आणि ऑनलाइन असे आणखी दहा कॅमेरे जमले. दहांचे मिळून १७,४०० रुपये गेले. सगळे मिळून अकरा, त्यातले चालू तीन. एक झेनिट (रशियन कॅमेरा) उघडताना स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही. आतापर्यंत दोन रोल काढून झाले. पत्नीचं म्हणणं, "लोक भंगारात घालतात ते हे पैसे देऊन घरी आणतात. आमचा मिक्सर तीन महिने बंद आहे, त्याच्याकडे बघायला वेळ नाही." वाचकाचे प्रश्न असे: वडिलांचा कॅमेरा मीच उघडू की बाहेर पाठवू? हा छंद कमी पैशात कसा करायचा? आणि पुढे बेळगावात दुरुस्तीचं दुकान टाकता येईल का? ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: "आईनं माळ्यावर बाबांच्या निगेटिव्हचे डबे ठेवलेत, ते सवडीनं बघू."

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी घरातले माझे कॅमेरे मोजले. सात निघाले, चालू चार. म्हणजे मी तुम्हाला उपदेश करायला फार उंचावर बसलेली नाही, हे आधी सांगून टाकते.

क्रँकचं आधी बघू, कारण तो कदाचित बिघडलेलाच नाही. यशिका-मॅटचा क्रँक पुढे फिरवला की पुढची फ्रेम आल्यावर तो थांबतो. थांबलाच पाहिजे. मग तो उलटा, मागे फिरवायचा. त्या उलट्या फेऱ्यात शटर ताणलं जातं, मग बटण दाबायचं आणि क्रँक पुन्हा पुढे. ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याला कॅमेरा जाम झालाय असंच वाटतं. तुमचे बाबा हे दिवसातून शंभरदा करत असतील, पण तुम्ही तेव्हा लहान होतात आणि त्यांच्या हाताकडे नाही, कॅमेऱ्यासमोर बसलेल्या नवरा-नवरीकडे बघत होतात. तेव्हा जोर लावू नका. लेन्सवर टोपी घाला, क्रँक हलक्या हातानं मागे फिरवून बघा, बटण दाबा. 'चिक्' असा आवाज आला तर अर्धा प्रश्न सुटला. मागचं झाकण मात्र उघडू नका. का, ते शेवटी सांगते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुम्ही विचारलंय, कमी पैशात कसं करायचं. पण पत्रातला आकडा बघा: ८००, १५००, २२०० असे दहा वेळा गेलेले पैसे. प्रत्येक वेळी 'स्वस्तात मिळाला' म्हणून घेतला. १७,४०० रुपयांत कुणा जाणकाराकडून तपासून, साफ करून घेतलेला एक चांगला यांत्रिक कॅमेरा आला असता आणि वर रोलला पैसे उरले असते. बंद कॅमेरा स्वस्त नसतो, त्याची किंमत फक्त हप्त्याहप्त्यानं वसूल होते. हे मी स्वतः तीन कॅमेरे बिघडवून शिकले.

आणि अकरा कॅमेऱ्यांत दोन रोल? यावर मी बराच वेळ थांबले. तुम्ही कॅमेरे गोळा करताय, दुरुस्त करताय, पण फोटो काढत नाही आहात. त्यात वाईट काही नाही. घड्याळं जमवणारा माणूस वेळ बघायला थोडाच जमवतो? पण तुमच्या पत्रात दर चौथ्या ओळीत 'बाबांचं काम' आलंय. बाबांचं काम कॅमेरे दुरुस्त करणं नव्हतं हो. लोकांचे फोटो काढणं होतं.

तेव्हा माझा पहिला सल्ला: सहा महिने एकही नवा कॅमेरा घ्यायचा नाही. जे तीन चालू आहेत त्यातला एक निवडा आणि दर महिन्याला एक रोल त्यातूनच काढा. रंगीत रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून हजाराच्या पुढे जातं हे धरून चाला. म्हणून कृष्णधवल घ्या आणि घरी धुवायला शिका. रोल धुवायची टाकी आणि अंधारात तो तिच्यात भरायची काळी पिशवी एकदाच लागते. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) म्हणून डी-७६ अजून मिळतो. स्वतः करायचा तर लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स, ही जुन्या स्टुडिओवाल्यांची पाठ असलेली कृती. आधी साधारण पाऊण लिटर कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट आणि उरलेली दोन, सगळं विरघळलं की लिटरभर पाणी पुरं करायचं. उलट केलंत तर मेटॉल नीट विरघळत नाही. हातमोजे घाला, काही लोकांना मेटॉलनं हाताला खाज सुटते. पुढं चित्र पक्कं करायला हायपो. पाणी २० अंशांच्या जवळ हवं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत ते फारशा खटपटीशिवाय मिळतं, एप्रिलात भांड्याभोवती बर्फ लावावा लागतो. तुमच्या आईला विचारा, त्यांना हायपोचा वास अजून आठवत असेल.

आता उघडण्याचं. तुम्ही फिटर आहात, हे तुमचं बळ आहे आणि अडचणही. उद्यमबागेत काही जाम झालं की आपण काय करतो? तेलाचा फवारा मारतो. कॅमेऱ्यात तो कधीही, कुठल्याही कारणानं मारायचा नाही. तेल सरपटत सरपटत शटरच्या आणि ॲपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर जातं, पाती एकमेकांना चिकटतात आणि काचेवर धुकं बसतं. शिलाई मशीनचं तेलही नको. जुने शटर मंदावतात ते बहुतेक वेळा तेल संपल्यानं नव्हे, साठ वर्षांचं ग्रीस घट्ट झाल्यानं. दुसरं, तुमच्या हाताला पोलादाची सवय आहे. कॅमेऱ्यात पितळ, ॲल्युमिनियम आणि कधी नुसतं प्लॅस्टिक असतं. स्क्रू फिरत नसेल तर त्यावर स्पिरिटचा एक थेंब, दहा मिनिटं दम, मग पुन्हा. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या चौफुलीसारखे असले तरी त्यांची खाच वेगळी असते. त्यासाठी जेआयएस (जपानी मानक) मापाचे स्क्रूड्रायव्हर मिळतात. साध्यानं केलंत तर डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही.

पण तुमच्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या छंदिष्टाकडे नाही. लेन्सची गोल कडी सोडवायला दोन टोकांचा पाना लागतो. विकत महाग पडतो. तुमच्या कारखान्याशेजारचा टर्नर तो चहाच्या पैशात करून देईल आणि दोन्ही टोकं हव्या त्या मापाला घासून देईल. तुटलेली पिन, झिजलेला बुश, हे बाहेर मिळत नाहीत, लेथवर होतात. कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तो असाच. त्यांनी एक यंत्र धरलं आणि त्याच्यामागे वर्षं घातली. एका वेळी अकरा नव्हती.

उघडायचंच तर स्वस्तातल्याला आधी. तुमच्या यादीत आग्फा क्लिक थ्री आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं आपल्याकडेच बनवलेला तो साधा डबा, १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. आत फारसं काही नसतंच, म्हणून हात बसवायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही. मग झेनिट. स्प्रिंग हरवलीच आहे, तेव्हा आणखी बिघडण्याची भीती नाही. तो आता सुट्या भागांचा कॅमेरा समजा. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून १९६५ पासून झेनिट-ई लाखांनी निघाले, त्यामुळे त्याचा दुसरा भाऊ मिळणं कठीण नाही. यशिका-मॅट मात्र या रांगेत नको. एवढ्यात तरी नकोच.

झेनिटची लेन्स खोलणार असाल तर माझी चूक करू नका. फोकसची चूडीदार (आटे असलेली) नळी मी फिरवत गेले आणि ती हातात आली. एका जागी नव्हे, अनेक जागी बसू शकेल अशी ती चूडी असते आणि सुटली ती नेमकी कुठे हे मी खुणेनं टिपलं नव्हतं. तीन संध्याकाळी मी ती बसवत होते, दर वेळी लांबचं डोंगराचं टोक धूसर. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "तुझ्या फोटोत किल्ला दिसायचा राहिला तरी चालेल, जेवायला ये." सुटण्याच्या क्षणी खूण करा. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलनं फोटो काढा. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, खणावर नंबर. आणि खाली जुनी पांढरी चादर पसरा. तुमची उडालेली स्प्रिंग तिच्यावर दिसली असती.

खर्च लागत नाही अशी दुरुस्ती म्हणजे मागच्या झाकणातला फोम. जपानी कॅमेऱ्यांचा तो पन्नास वर्षांत काळा चिकट गूळ होतो, बोटाला लागतो आणि उजेड आत येतो. लाकडी काडीनं खरवडा, स्पिरिटनं पुसा आणि खाचेत काळी लोकर बसवा, गणपत गल्लीत विणकामाच्या दुकानात मिळते ती. बिजागरीजवळ काळी मखमली फीत. आरशावरचा फोम वेगळा. तिथं लोकर चालत नाही, पातळ फोमच हवा, नाहीतर आरसा जोरात आपटतो.

शटर खरं चालतंय की नुसतं वाजतंय, हे बघायला यंत्र नको. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा मंद व्हिडिओ घ्या, कॅमेऱ्याचं झाकण उघडून उजेडासमोर धरा. एका सेकंदावर २४० फ्रेम उघड्या दिसायला हव्यात, १/३० वर ८. २४० च्या जागी ४०० निघाल्या तर शटर मंद आहे, फोटो जळका येईल. १/५०० चं मोजायला हे पुरत नाही, ते सोडा. (हे यशिकावर आत्ताच करू नका. पुन्हा सांगते, झाकण.)

घासाघीस करायला शिकण्यापेक्षा घेताना काय बघायचं ते शिका. टॉर्च लेन्सच्या मागून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक पडत नाही, मधोमध असेल तर परत द्या. बॅटरीच्या खोबणीत हिरवट चुरा असेल तर घासून निघतो, पण वायर आतपर्यंत कुजली असेल तर सोडा. आणि शक्यतो बॅटरीशिवाय चालणारा घ्या. कॅनन एई-१ फार देखणा, पण बॅटरी नसेल तर तो वीट. पेंटॅक्स के १०००, झेनिट हे बॅटरी नसतानाही फोटो काढतात, फक्त के १००० चं उजेड मोजायचं मीटर बंद राहतं. जुन्या पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्या जागी श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी मेडिकलमध्ये मिळते, १.४ व्होल्टची. लहान पडते म्हणून भोवती रबराची कडी घाला. तुमच्या यशिकाच्या मीटरलाही हीच चालते. मीटर मेलेलं असेल तर रोलच्या आयएसओचा (उजेड टिपायच्या वेगाचा, खोक्यावर छापलेला) आकडा किंवा त्याच्या जवळचा हाच शटरचा वेग धरा: चारशेच्या रोलला १/५००, भर उन्हात ॲपर्चर एफ १६. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं तेव्हा एफ ५.६ वर या. आणि कुणी सोन्याचा मुलामा दिलेला 'जर्मन लायका' स्वस्तात देतो म्हणाला तर हसून पुढे जा. तो बहुधा सोव्हिएत झोर्की किंवा फेड असतो, कपडे बदललेला.

खानापूरचा पाऊस मात्र भंगारवाल्यापेक्षा मोठा शत्रू आहे. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा कधी ठेवू नका, बुरशीला ती पिशवी म्हणजे मेजवानी. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि स्वस्तातलं ओल मोजायचं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू दे. निळी जेल गुलाबी झाली की गरम करून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. वहिनी आधीच चिडल्यात.

वहिनींचं. तुम्ही लिहिलंय, 'तिला या गोष्टींचं मोल कळत नाही.' मला वाटतं त्यांना नीट कळलंय. घरात एक हुशार फिटर आहे, रात्री अकरापर्यंत स्क्रू फिरवत बसतो, आणि मिक्सर बंद आहे. यात कॅमेऱ्याचा प्रश्नच कुठे आला? मिक्सर या रविवारी दुरुस्त करा. बहुतेक कार्बन ब्रश गेलेले असतील, नाहीतर जारखालचं कपलर. मग अकरांपैकी सहा कॅमेरे त्यांच्यासमोर बाजूला काढा आणि विका. बंद आहेत हे स्पष्ट सांगून विका. येतील ते पैसे आणि महिन्याला एक ठरलेली रक्कम, तेवढ्यातच छंद. पहिल्या रोलची पहिली फ्रेम त्यांची काढा, पण रुसवा काढायला म्हणून नको. दुपारी, खिडकीजवळ, बाबा जसे काढायचे तसे.

दुकानाबद्दल थोडक्यात: आत्ता नाही. नोकरी सोडून तर मुळीच नाही. एकाच प्रकारचे दहा कॅमेरे दुरुस्त करून ते वर्षभर चालले तर पुन्हा लिहा.

आणि तुमचा उरलेला प्रश्न, यशिका कुणी उघडायचा? शटर सगळ्या वेगांवर नीट चाललं तर कुणीच नको. मंद निघालं तर मुंबई, पुणे, बेंगळूरमध्ये असं पात्यांचं शटर खोलणारे कारागीर आहेत. पाठवण्याआधी अंदाज लेखी मागा आणि तो कॅमेऱ्याच्या बाजारभावापेक्षा जास्त निघाला तरी चकित होऊ नका. या एका कॅमेऱ्यासाठी तो हिशेब लावायचा की नाही हे तुम्ही आणि आईनं ठरवायचं. त्याचा सेल्फ टायमर मात्र ओढून बघू नका. जुन्या शटरमध्ये तोच आधी अडकतो आणि अडकला की बाकीचंही अडकवून ठेवतो.

आता ज्या ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती ओळ. 'निगेटिव्हचे डबे, सवडीनं बघू.' अहो, सवड कुठली! कॅमेरा बंद पडला तर बंद पडतो, दहा वर्षांनीही बंदच असतो. निगेटिव्ह तसं नसतं. त्या काळच्या फिल्मचा ॲसिटेटचा पाया ओल आणि उष्णता मिळाली की सडत जातो, आणि एकदा सुरू झाला की शेजारच्या पट्टीलाही लागतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. कौलारू घराचा माळा, खानापूरचे पंधरा-वीस पावसाळे. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही.

या आठवड्यात डबे खाली आणा. कोरड्या दिवशी उघडा. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. बाकीच्या कडेला धरून कागदी पाकिटांत घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. जुन्या पाकिटांवर बाबांनी काही लिहिलं असेल, नाव, गाव, तारीख, आगाऊ किती दिले, बाकी किती, तर ती पाकिटं फेकू नका. आईला शेजारी बसवा, चेहरे त्या ओळखतील. स्कॅनर घ्यायची गरज नाही: टॅबचा पडदा कोरा पांढरा करा, त्याच्यावर थोड्या उंचीवर काच ठेवून निगेटिव्ह ठेवा, वरून मोबाइलनं सरळ फोटो काढा आणि रंग उलटा करा. छपाईइतकं चांगलं येणार नाही, पण कोणता फोटो कुणाचा ते कळेल. तुमच्या पंचक्रोशीत अशी किती घरं असतील जिथं आजोबांचा एकही फोटो नाही, आणि तो तुमच्या माळ्यावर आहे? त्यांना प्रिंट करून द्या, कागदाचे पैसे घ्या. रोलचा खर्च त्यातून निघाला तर मला नवल वाटणार नाही.

आणि यशिकाचं झाकण. आकडा ७ वर आहे म्हणता. तो आकडा झाकण उघडलं की मागे सुरुवातीला जातो. म्हणजे शेवटचं झाकण लावल्यावर कुणीतरी सातव्या फ्रेमपर्यंत क्रँक फिरवलाय. रिकाम्या कॅमेऱ्याशी खेळताना फिरवला असेल, लहानपणी तुम्हीच फिरवला असेल. किंवा आत रोल असेल, सहा-सात फोटो काढलेला. लेन्सवर टोपी ठेवून, क्रँक पुढे, मागे, बटण, असं करत बारापर्यंत जा. बारानंतर क्रँक न थांबता फिरत राहील. आणखी पंधरा-वीस फेरे घ्या. मध्येच खरंच अडकला तर तिथंच थांबा, ओढाताण नको. मग रात्री, खोलीत पूर्ण अंधार करून, पांघरुणात हात घालून झाकण उघडा. बोटाला गुंडाळलेला कागद लागला तर सैल होऊ न देता त्याला चिकटपट्टी लावा, चांदीच्या कागदात गुंडाळा आणि उजेडात आणू नका. इतका जुना रोल धुवायला पहिला म्हणून स्वतः घेऊ नका. जिथं कृष्णधवल हातानं धुतात अशा लॅबला आधी फोन करा, रोल किती जुना आहे ते सांगा, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: एकच आहे.